बिळातली कुलाबकर

गेल्या मे महिन्यात माझी भाची नागपूरहून सुट्टीला आमच्याकडे जयपूरला आली होती. आम्ही राहतो प्रताप नगरात, सांगानेरच्या बाजूला. घरासमोर एक रिकामा प्लॉट आहे. त्यात बाभळीची दोन झुडपं, थोडी रेती आणि उंदरांची चांगली सात-आठ बिळं. दुपारी पारा 45 अंशांच्या पलीकडे जातो, तेव्हा त्या रेतीवर अनवाणी पाय टेकवून दाखवा बरं!

एका संध्याकाळी ही बाई एका बिळासमोर उकिडवी बसलेली. "मावशी, आत या उंदराला उकडत नसेल?"

नाही उकडत! तुमच्या घरी पाण्याचा माठ असेल, तर त्याच्या बुडाखालच्या ओल्या वाळूत बोट घालून बघा. बिळात तसंच असतं. वर ऊन कितीही रणरणत असू दे, हात-दीड हात खाली माती गार असते आणि थोडी ओलसरही. उंदराच्या श्वासाची वाफ आतच राहते. रात्री थंडी पडली तर तीही आत फारशी शिरत नाही. उन्हाळा-हिवाळा फार न जाणवणारी खोली म्हणा ना! मग अशा खोलीवर इतरांचा डोळा असणारच. विंचू येतो, पाल येते, पिसवा तर उंदराबरोबरच येतात. आणि येते एक माशी.

घरमाशी डोळ्यांपुढे आणू नका. ही आहे वाळूमाशी. राईच्या दाण्याएवढी, 2-3 मिलिमीटर. अंगभर लव, पाय लांब काटकुळे. बसली की पंख मिटून पाठीवर ठेवत नाही, दोन्ही वर उभे धरते. धड उडतही नाही, टुणटुण उड्या मारल्यासारखी पुढे सरकते. बाथरूमच्या जाळीपाशी छोट्या पाखरासारखी दिसणारी राखाडी माशी असते ना? ती हिची चुलत बहीण, दोघी एकाच कुळातल्या. पण बाथरूमवाली चावत नाही. वाळूमाशीची मादी चावते, कारण अंडी घालायला तिला रक्त लागतं. नर बिचारा झाडांच्या गोड रसावर भागवतो.

बिळात मादीची सगळीच सोय होते. रक्ताला उंदीर किंवा पाल, आणि पिल्लांना कुजलेला पाला आणि लेंड्या. शी म्हणू नका, अळीला तेच पंचपक्वान्न. अळी असते दोऱ्याच्या तुकड्यासारखी, पांढुरकी, आणि मोठी झाली की शेपटीला चार लांब केस. अंड्यापासून माशी व्हायला साधारण महिना-दीड महिना लागतो आणि तेवढ्या वेळात तिला उजेडाशी काही देणंघेणं नसतं. नुसत्या वाळूतच नाही हं, डोंगरातली बिळं, गुहा, झाडांच्या ढोल्या, गोठ्याच्या भिंतींच्या फटी, सगळीकडे वाळूमाश्या असतात. जगात त्यांच्या 1000 च्या आसपास जाती माहीत झाल्या आहेत.

तिची गंमत म्हणजे ती गुणगुणत नाही. डास निदान कानाशी येऊन वर्दी देतो! 1786 साली स्कोपोली नावाच्या निसर्गअभ्यासकाने एका वाळूमाशीला पापाटासी हे नाव दिलं. ते आलं इटालियन शब्दावरून, अर्थ 'गुपचूप खाणारी'. ही जात राजस्थानातही आहे.

"मग एवढीशी माशी बिळातून पकडतात कशी?" भाचीने विचारलं.

एरंडेल तेलाने! खरंच. कागदाला एरंडेल फासायचं आणि तो बिळाच्या तोंडाशी ठेवायचा. अंधार पडला की माश्या बाहेर यायला निघतात आणि कागदाला चिकटतात. बिळात हात मात्र कोणीच घालायचा नाही, आत नाग असला तर तो आपल्याला विचारून चावणार नाही.

पुढचं काम मला सगळ्यात आवडतं. चिकटलेली माशी धुऊन, अर्कात ठेवून, तिचं डोकं सुईने वेगळं करतात आणि काचपट्टीवर पालथं-उताणं नीट मांडतात. कशासाठी? घशातले दात मोजायला! बऱ्याच वाळूमाश्यांच्या घशात दातांची रांग असते. बाहेरून दोन माश्या जुळ्या दिसतील, पण एकीच्या रांगेत दात जास्त, दुसरीच्यात कमी, किंवा एकीचे टोकदार आणि दुसरीचे बोथट. नराच्या शेपटीकडे चिमटे असतात, त्यांच्यावरचे काटेसुद्धा मोजतात. इतक्या बारकाव्यावर ठरतं की ही जात ओळखीची की नवी.

नवी वाटली, तरी लगेच नवी होत नाही. आधी ज्यांनी ज्यांनी वाळूमाश्यांचं वर्णन लिहून ठेवलंय, ते सगळं काढून ताडून बघावं लागतं. कुठेच जुळली नाही, तर तिची चित्रं काढायची, दातांचा, पंखांचा, मिशांचा हिशेब लिहायचा, आणि एक माशी निवडून कायमची संग्रहालयात ठेवायची. तिला म्हणतात होलोटाइप. पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली, तर ती माशी साक्षीला हजर! आपल्याकडे 1916 पासून हे काम करणारी मोठी संस्था आहे, भारतीय प्राणी सर्वेक्षण. मुख्य कचेरी कोलकात्यात, आणि पुण्यात आकुर्डीलाही तिचं केंद्र आहे. तिचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल स्वतः वाळूमाश्यांचे अभ्यासक होते. 1910 साली त्यांनी एका माशीचं नाव चक्क 'बाबू' ठेवलं, आणि आजही पुस्तकांत ती बाबूच आहे.

जॉन सिंटन यांच्याबद्दल तर सांगायलाच हवं. हे सैन्यातले डॉक्टर. 1916 साली मेसोपोटेमियातल्या लढाईत दोन्ही हातांना आणि कुशीला गोळ्या लागल्या, तरी ते जखमींना सोडून हलले नाहीत. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नंतर हाच माणूस कसौलीच्या डोंगरात बसून सूक्ष्मदर्शकाखाली वाळूमाश्या बघत होता आणि नव्या जातींना नावं देत होता. गोळ्या झेललेले ते हात राईएवढ्या माशीचं डोकं सुईने अलगद सोडवत असतील, हे डोळ्यांपुढे आणलं की मला फार भारी वाटतं.

त्यांच्या एका माशीचं नाव पंजाबेन्सिस. शेवटचं 'एन्सिस' म्हणजे 'तिथली राहणारी'. आपलं 'कर' असतं ना, पुणेकर, सातारकर? तसंच. 1927 साली यंग आणि चलम यांनी एका वाळूमाशीचं वर्णन लिहिलं, तिचं नाव कोलाबेन्सिस. कोलाबा म्हणजे आपला कुलाबा! थोडक्यात काय, ही बाई कुलाबकर.

ही माशी ओळखणं गरजेचंही आहे बरं. 1965 साली भाचीच्याच नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात एक विषाणू सापडला, तो लहान मुलांना फार आजारी पाडू शकतो. तो वाळूमाशी पसरवते. कोणती जात रोग पसरवते आणि कोणती निरुपद्रवी, हे घशातले दात मोजल्याशिवाय कसं कळणार?

तर, आम्ही दोघींनी त्या संध्याकाळी काठीने एक एरंडेली कागद बिळापाशी सरकवून ठेवला. सकाळी त्यावर तीन मुंग्या, एक डास, आणि कोपऱ्यात एक पुसट ठिपका. भाचीने भिंग लावलं आणि ओरडली, "मावशी, हिला केस आहेत!"

मी तो ठिपका स्पिरिटच्या छोट्या बाटलीत सोडला. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायला सांगितली, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. तिने जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत लिहिलं: प्रताप नगर, जयपूर. उंदराच्या बिळाचं तोंड. संध्याकाळी ठेवलं, सकाळी उचललं. मग जरा थांबली आणि खाली अगदी बारीक अक्षरांत अजून एक शब्द लिहिला, पुढे प्रश्नचिन्ह टाकून.

प्रतापनगरकर?