पापणीच्या बाहेरच्या टोकाची सूज

मोडनिंबच्या परिसरात ज्वारीची काढणी सुरू झाली, की डोळ्यात कुसळ जाणे काही नवे नाही. कुसळ गेले की डोळा लगेच पाण्याने भरतो. कांदा चिरतानाही तसेच होते. हे पाणी येते कुठून आणि जाते कुठे, ते आधी पाहू. मग आजचा विषय सोपा होईल.

भुवईच्या खाली, कानाकडच्या बाजूला, हाडात एक लहानसा खळगा असतो. त्यात बदामाएवढी एक ग्रंथी बसलेली असते. तिला अश्रुग्रंथी म्हणतात. तिचे पाणी पापणी लवेल तसे डोळ्यावर पसरते. मग नाकाकडच्या कोपऱ्यातल्या दोन बारीक छिद्रांतून ते अश्रूंच्या पिशवीत जाते आणि तिथून नाकात उतरते. म्हणून रडणाऱ्या पोराचे नाकही वाहते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर विहीर कानाच्या बाजूला आणि चारी नाकाच्या बाजूला.

एवढे ध्यानात ठेवले, की डोळा सुजल्यावर पहिला प्रश्न विचारता येतो : सूज नेमकी कुठे आहे? पापणीच्या कडेला, केसांच्या मुळाशी दुखरी पुळी असेल, तर ती बहुधा रांजणवाडी. नाकाजवळच्या कोपऱ्यात फुगवटा असेल, तो दाबल्यावर पू येत असेल, तर अश्रूंची पिशवी तुंबली आहे. तिला लासरू म्हणतात. पण वरच्या पापणीचा बाहेरचा तिसरा हिस्सा सुजला, लाल झाला, हात लावू देत नाही, पापणी त्या बाजूने खाली लोंबते, तर अश्रुग्रंथीला सूज आली आहे असा संशय घ्यावा. कधी कधी त्याच बाजूला कानापुढे गाठही लागते.

ही सूज का येते? मुलांमध्ये बहुधा विषाणूंमुळे. गालगुंडात जशी कानाखालची लाळेची ग्रंथी सुजते, तशी कधी अश्रुग्रंथीही सुजते. गुरुजींनी आणि बाईंनी हे लक्षात ठेवावे. गालगुंड झालेल्या मुलाला गाल सुजल्यापासून ५ दिवस शाळेत बोलावू नये. विषाणूंची सूज बहुतेक वेळा काही आठवड्यांत ओसरते. स्वच्छ फडके कोमट पाण्यात बुडवून, पिळून, दिवसातून तीन-चार वेळा शेकले तर आराम पडतो. जिवाणूंमुळे पू झाला असेल, तर मात्र डॉक्टरांनी दिलेले औषध पुरेसे दिवस घ्यावे लागते.

दुसरा प्रकार हळू चालणारा. सूज महिनोन्‌महिने राहते आणि दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो, आणि तिथेच फसतो. १८८८ साली कोनिग्सबर्ग इथे मिक्युलिच नावाच्या शस्त्रवैद्यांनी एका ४२ वर्षांच्या शेतकऱ्याची हकिगत मांडली. त्याच्या दोन्ही बाजूंच्या अश्रुग्रंथी आणि लाळेच्या ग्रंथी अशाच सावकाश, न दुखता वाढल्या होत्या. अशा सुजेच्या मागे क्षय असू शकतो, शरीराची संरक्षणशक्ती स्वतःवरच उलटलेली असू शकते, क्वचित कर्करोगाची गाठही असू शकते. नुसते बघून हे कळत नाही. रक्त तपासावे लागते, आतला फोटो काढावा लागतो, प्रसंगी ग्रंथीचा लहान तुकडा काढून तपासावा लागतो. क्षय निघाला तरी घाबरू नये. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

आता धोक्याच्या खुणा. ताप चढला, डोळा पुढे आला, डोळा फिरवताना दुखू लागले, एकाचे दोन दिसू लागले, किंवा नजर अंधूक झाली, तर रोग डोळ्यामागे पसरत असू शकतो. मग उद्याच्या गाडीची वाट पाहू नये. मोडनिंबहून पंढरपूर, कुर्डुवाडी जवळ आहे. सोलापूरला १९६३ साली सुरू झालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. त्याच दिवशी निघावे.

आणि काय करू नये, तेही सांगतो. डोळ्यात मध, कांद्याचा रस, अंगावरचे दूध घालू नये. सूज दाबून फोडू नये. शेजाऱ्याच्या डोळ्याला उतार पडला म्हणून त्याचीच बाटली आपल्या डोळ्यात रिकामी करू नये. काही थेंबांत स्टेरॉइड असते. ते मनाने दीर्घकाळ वापरले तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते.

शाळेत फळ्यावर डोळ्याचे एक चित्र काढा. बाहेर विहीर, आत चारी, कडेला रांजणवाडी. मुले ते घरी जाऊन सांगतील. डोळा सुजला की 'नजर लागली' म्हणण्याआधी घरातले कोणी तरी 'सूज कुठे आहे' हे पाहील. तेवढे झाले, तर योग्य वेळी योग्य वाट धरली जाईल.