जुन्या झूम लेन्सला स्थिर हात

उज्जैनच्या रामघाटावर संध्याकाळी क्षिप्रेची आरती होते. समोरच्या दत्त अखाडा घाटावरून ती टिपायची तर लांब पल्ल्याची लेन्स हवी, आणि उजेड तर उतरलेला असतो. अशा वेळी कपाटातली जुनी ७०–२१० मिमीची मॅन्युअल झूम ॲडॅप्टर लावून नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर चढवता येते. हाताचा कंप सावरण्यासाठी कॅमेऱ्यातला सेन्सरच सरकतो. किती सरकायचे, हे मात्र फोकल लेंग्थवर ठरते: कंप तेवढाच असला तरी २१० मिमीला प्रतिमा ७० मिमीच्या तिप्पट हलते.

नव्या लेन्स हा आकडा कॅमेऱ्याला आपोआप कळवतात. जुन्या लेन्सला विद्युत-संपर्क नसतात, म्हणून तो मेनूत हाताने भरावा लागतो. लेन्सवर कोरलेला आकडाच भरावा. क्रॉप सेन्सर असला तरी त्याची दीडपट करू नये.

खरी अडचण झूमची. २१० भरून ७० वर फोटो काढला, तर सेन्सर गरजेच्या तिप्पट सरकतो. त्यापेक्षा ही यंत्रणा बंद असलेली बरी. उलट ७० भरून २१० वर काढला, तर निदान एक तृतीयांश कंप सावरला जातो. म्हणून झूम बदलली की आकडाही बदलावा. तेवढी सवड नसेल तर लहान आकडा ठेवावा.

आरतीचे फिरते दिवे मात्र या सोयीने स्थिर होत नाहीत. त्यासाठी आयएसओ चढवून शटरचा वेगच वाढवावा लागतो.