जुन्या घड्याळाचा नवा चेहरा

नकली घड्याळ म्हटले की परदेशी नावे डोळ्यांपुढे येतात. परंतु नवशिक्या शौकिनाची फसगत आपल्या एच. एम. टी.मध्येही होते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगलोरला ही घड्याळे तयार होऊ लागली. २०१६ साली केंद्र सरकारने एच. एम. टी. वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला आणि जुन्या 'जनता', 'पायलट'ला भाव आला. भाव आला की रंगारीही आले!

विद्यानगरहून मी अधूनमधून जुमेरात बाजारात जातो. केस झिजलेली पण तबकडी मात्र कोरी करकरीत, असे घड्याळ दिसले की मी भिंग काढतो. अक्षरांची शाई फुटलेली, मिनिटांच्या रेघा वेड्यावाकड्या, तर तबकडी पुन्हा रंगविलेली समजावी. असे घड्याळ घेण्यात वावगे काही नाही; किंमत मात्र अस्सलाची देऊ नये.

हात बसवायला तर हेच बरे. तबकडी बदलायची असेल तर तिच्या मागचे दोन बारीक पाय यंत्राच्या भोकांत बसले पाहिजेत. पाय कापून तबकडी चिकटविणे हा आडमार्ग. यंत्र उकलण्यापूर्वी मुख्य कमानीचा ताण हळूहळू सोडावा. बॅलन्सचक्राला मात्र नवशिक्याने हात लावू नये. 'जनता'मध्ये ते तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. दहा हजारांत एका ठोक्याचा फरक पडला तरी घड्याळ दिवसाला जवळजवळ नऊ सेकंद चुकते.

बदललेले घड्याळ विकताना काय बदलले ते मी चिठ्ठीवर लिहून देतो. गिऱ्हाईक मग भाव पाडते, पण चिठ्ठी जपूनही ठेवते.