मध्यम श्रेणीच्या संगणकावरील सामायिक फाइली आणि सर्व्हरनामाचा प्रश्न

प्रस्तावना
आयबीएम कंपनीने १९८८ मध्ये एएस/४०० हा मध्यम श्रेणीचा संगणक बाजारात आणला. या परंपरेतील कार्यप्रणाली आज ‘आयबीएम आय’ या नावाने ओळखली जाते. तिच्यातील ‘नेटसर्व्हर’ या सुविधेमुळे विंडोज संगणकांना सर्व्हरवरील फाइली स्वतःच्या ड्राइव्हप्रमाणे वापरता येतात. ही जोडणी न मिळाल्यास सर्व्हरच बंद पडला असा समज होतो आणि सर्वांचे काम थांबवून संपूर्ण यंत्रणा पुन्हा सुरू केली जाते. वस्तुतः पुष्कळदा दोष यंत्रात नसून नावात असतो.

नामव्यवस्थेचे स्वरूप
या यंत्रास दोन नावे असू शकतात : एक टीसीपी/आयपी व्यवस्थेतील यजमान-नाव व दुसरे नेटसर्व्हरचे नाव. ही नावे भिन्न असल्यास गोंधळ संभवतो. कारण डीएनएसमध्ये सामान्यतः पहिल्याच नावाची नोंद असते. दुसरे नाव जुन्या नेटबायोस पद्धतीने शोधले जाते. नेटबायोस नाव १६ अक्षरांचे असते. त्यांपैकी १५ अक्षरे नावासाठी असून शेवटचे सेवेचा प्रकार दर्शविते. हा शोध सर्वांना उद्देशून केलेल्या पुकाऱ्याने होतो व असा पुकारा सामान्यतः राउटर ओलांडत नाही. म्हणूनच एका विभागात सापडणारा सर्व्हर दुसऱ्या इमारतीत सापडत नाही.

दोषनिदानाचा क्रम
प्रथम नावाऐवजी आयपी पत्ता देऊन सामायिक फोल्डर उघडून पाहावे. तो उघडल्यास दोष नावाचा आहे, हे निश्चित होते. न उघडल्यास नेटसर्व्हर चालू आहे काय आणि चुकीच्या पासवर्डमुळे वापरकर्त्याचा प्रवेश रोखला गेला आहे काय, हे तपासावे. नामदोष आढळल्यास तेच नाव जाळ्यातील अन्य संगणकाने घेतलेले नाही ना, याची खात्री करावी. त्यानंतर दोन्ही नावे एकच ठेवून डीएनएसमध्ये नोंद करणे हा टिकाऊ उपाय होय. नावातील बदल नेटसर्व्हर पुन्हा सुरू केल्यावरच लागू होतो. त्यासाठी संपूर्ण यंत्र बंद करावे लागत नाही. मात्र उघड्या फाइलींच्या जोडण्या तुटत असल्याने वापरकर्त्यांना पूर्वसूचना द्यावी.

२०१७ च्या उत्तरार्धापासून विंडोज १० च्या नव्या स्थापनेत एसएमबीची पहिली आवृत्ती सामान्यतः समाविष्ट नसते. त्यामुळे ‘नेटवर्क’ यादीत सर्व्हर न दिसणे हा स्वतंत्रपणे दोषाचा पुरावा ठरत नाही.

निष्कर्ष
पत्ता आधी व नाव नंतर तपासणे, हा क्रम पाळल्यास दोषाचे स्थान लवकर कळते आणि इतरांचे काम विनाकारण खंडित होत नाही.