वाइनची पारख: जिभेआधी नाक

नाशिकच्या सुला व्हिनयार्ड्सने २००० साली बाजारात आणलेल्या पहिल्या वाइनमध्ये सॉव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षवाणाची वाइन होती. तिची पारख करताना पेला फिरवून आधी वास घेतात, कारण त्यामुळे बाष्पनशील, म्हणजे सहज हवेत मिसळणारी, संयुगे मोकळी होतात. नुकत्याच चिरलेल्या ढोबळ्या मिरचीसारखा जो हिरवट गंध तेव्हा जाणवतो, तो द्राक्षातल्याच मेथॉक्सिपायराझीन या संयुगाचा असून, फळ पिकत जाते तसतसे त्याचे प्रमाण घटते. जिभेला आंबट, गोड, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. उरलेला स्वाद घशामागून नाकात चढणाऱ्या गंधाचा असतो, म्हणून घोट तोंडात घोळवल्याविना दिलेला निकाल अपुराच मानावा. अतिथंड वाइनमध्ये मात्र हा गंध दबतो. ती साधारण ८ ते १० अंश सेल्सिअसला चाखावी.