मोटारीतला उन्हाळा आणि गोंगाट

2023 सालच्या जानेवारीत वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळावा भरला होता. त्यात भल्याथोरल्या राजेशाही गाड्या होत्या, तशाच स्पोर्ट्‌स कार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन बैठकांच्या ठेंगण्या, चपळ गाड्याही होत्या. जानेवारीतले ऊन कोवळे असते, त्यामुळे पाहणाऱ्याचे लक्ष रंगाकडे आणि चकाकीकडेच जाते. पण हीच गाडी मे महिन्याच्या दुपारी हालोलच्या रस्त्याने न्यावयाची झाली तर? आत बसणाऱ्याचे पाय भाजू लागतात, कान बधिर होतात आणि तासाभराच्या प्रवासात माणूस दिवसभर राबल्यासारखा थकून जातो.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने वडिलांची अशीच एक जुनी गाडी दुरुस्त करून घेतली. उष्णता आणि आवाज थांबावेत म्हणून त्याने एका कारखान्यात तळाला डांबरी थर आणि वर जाड गालिचा बसवून घेतला. खर्च बराच झाला, परंतु गुण येईना. शेवटी एके दिवशी तो माझ्याकडे आला. "सर, तुम्ही आम्हांला उष्णतेचा धडा शिकवलात. मग एवढा जाड थर घालूनही गाडी तापते कशी? आणि अलीकडे तर धाकटीला गाडीत बसले की डोके दुखते, मळमळते. खाली उतरून वाऱ्यावर आली, की तिला बरे वाटते." त्याच्या या प्रश्नाचे उत्तर हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

उष्णता तीन मार्गांनी प्रवास करते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. ते मार्ग म्हणजे वहन, अभिसरण आणि प्रारण. मोटारीत हे तिन्ही मार्ग एकाच वेळी खुले असतात. इंजिनाचे पाणी सुमारे 90 अंशांपर्यंत तापते, आणि जळका धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे तापमान तर कित्येक शे अंशांवर जाते. ठेंगण्या गाडीत या नळ्या बसणाऱ्याच्या पायांपासून वीतभरही दूर नसतात. त्यांची उष्णता प्रारणाने तळाच्या पत्र्यावर पडते, पत्र्यातून वहनाने आत येते, आणि इंजिनापाशी तापलेली हवा फटीफटींतून अभिसरणाने पायांशी पोहोचते. वरून सूर्य आहेच. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे 1000 वॉट इतकी सौर शक्ती पडते. काच हा प्रकाश आत येऊ देते. मात्र आतल्या तापलेल्या बैठकांतून निघणारे अदृश्य किरण ती सहजी बाहेर जाऊ देत नाही.

प्रत्येक मार्गावर वेगळा पहारा हवा, तो यासाठी. प्रारणाला अडवण्यास ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा उत्तम, कारण तो आपल्यावर पडणारी बहुतेक उष्णता परत फेकतो. पण त्याच्या व गरम नळीच्या मध्ये, तसेच त्याच्या व गाडीच्या तळाच्या मध्ये, बोटभर पोकळी असली पाहिजे. तो तळाला चिकटवून बसवला, तर परत फेकण्याचे काम बाजूला राहते आणि पत्रा उष्णता आत पोहोचवणारा दूत बनतो. वहनाला अडवण्यास ज्यात हवा कोंडून राहते असा पदार्थ हवा, उदाहरणार्थ बंद छिद्रांचा फोम. अभिसरणाला मात्र एकच उपाय आहे, आणि तो म्हणजे फट बुजवणे. माझ्या विद्यार्थ्याने घातलेला डांबरी थर यांपैकी कोणतेच काम नीट करीत नव्हता.

मग तो थर निरुपयोगी म्हणावा काय? तसेही नाही, त्याचे काम निराळे आहे. घरातली स्टीलची थाळी एका हाताने अधांतरी धरून तिच्यावर चमचा मारून पाहा. ती बराच वेळ घुमत राहील. आता तिच्या पाठीला दुसऱ्या हाताचे एक बोट टेकवा. नाद तत्काळ मरेल. मोटारीचे दार, तळ आणि पाठीमागचा पत्रा या थाळ्याच समजा. डांबराचा किंवा ब्युटिल रबराचा थर म्हणजे त्या थाळीला टेकवलेले बोट होय. थाळी थांबवावयास सबंध पंजा लागत नाही, त्याचप्रमाणे प्रत्येक पत्र्याचा मधला चौथा-तिसरा हिस्सा झाकला तरी बराचसा कंप थांबतो. दोन मिलिमीटर जाडीचा असा थर एका चौरस मीटरला सुमारे 3 किलो भरतो. हलकेपणा हाच जिचा गुण, त्या गाडीवर हे ओझे विनाकारण लादू नये.

पत्र्याचे घुमणे थांबले, तरी इंजिनाचा आवाज हवेतून येतच असतो. त्याला अडवण्यास वजनदार पण लवचिक पडदा लागतो, जसे जड विनाइलची चादर. तिच्याखाली नमद्याचा किंवा फोमचा मऊ थर असावा, म्हणजे पत्र्याचा कंप चादरीपर्यंत पोहोचत नाही. आत येऊन चुकलेला तीव्र आवाज शोषण्याचे काम जाड नमदा किंवा उघड्या छिद्रांचा फोम करतो. परंतु येथेही फट आडवी येते. एखाद्या भिंतीचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी उरलेली भिंत कितीही जाड असो, ती आवाज 20 डेसिबलपेक्षा अधिक कमी करू शकत नाही. म्हणजे उष्णता असो वा आवाज, फट राहिली की खर्च वाया गेला.

माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीतही हेच झाले होते. आम्ही रात्रीच्या अंधारात गाडी उभी केली, इंजिन बंद ठेवले, गालिचा उचलला आणि बॉनेटखाली विजेरी लावली. आतून पाहतो तो, इंजिन व बैठक यांच्यामधल्या पत्र्यात सुकाणूचा दांडा जेथून आत येतो, तेथे उजेडाची कोर दिसली. तिथले रबरी कडे कधीच कुजून गेले होते. दुसऱ्या दिवशी कारागिराने गाडी उचलून पाहिली, तेव्हा धुराच्या नळीच्या सांध्याजवळ काजळीचा काळा पट्टा आढळला. सांधा फुटला होता, आणि तेथला धूर त्या भोकातून आत येत होता.

श्रोतेहो, त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. डोकेदुखी आणि मळमळ या त्याच्या पहिल्या खुणा असून, गाडीबाहेर येताच बरे वाटणे ही सर्वांत बोलकी खूण. ज्याला आम्ही उन्हाचा त्रास समजत होतो, तो मुलीच्या जिवावरचा धोका होता, आणि जाड गालिच्याने ते भोक नेमके आमच्या दृष्टीआड केले होते. नवा सांधा आणि नवे रबरी कडे यांना गालिच्याच्या मानाने किरकोळ पैसे पडले. मुलीचे डोके त्यानंतर दुखले नाही. पायांची आग निम्म्यावर आली, आवाजही पुष्कळ उतरला.

तेव्हा कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम धुराची नळी तपासावी आणि सर्व भोके बुजवावीत. दाराच्या रबराची परीक्षा साधी आहे: कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे, ती सहज ओढून निघाली, तर रबर बदलावे. फटी शोधण्यासाठी उदबत्तीचा धूर मात्र वापरू नये, कारण जवळ पेट्रोल असते. त्यानंतर नळीजवळ पोकळी राखून चकचकीत पत्रा लावावा, मग कंप मारणारा थर द्यावा आणि शेवटी पडदा व नमदा घालावा. फोम घेण्यापूर्वी त्याचा लहान तुकडा गाडीपासून दूर, मोकळ्यावर पेटवून पाहावा. काडी दूर नेल्यावरही जो जळत राहतो, तो गाडीत घालू नये. जुन्या गाडीतले मूळचे तापरोधक अस्तर कोरडे खरवडू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

आमच्या शहराला आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. 2019 साली आणि पुन्हा 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी वस्तीत शिरले, तेव्हा असंख्य वाहने त्यात उभी होती. तळाशी तागाचा नमदा असेल, तर तो पाणी पिऊन बसतो, वरून सुकल्यासारखा दिसतो आणि खालून पत्रा गंजवतो. म्हणून तळाला पाणी न पिणारा पदार्थ घालावा, पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवावीत आणि गालिचा उचलता येईल असाच बसवावा.

शेवटी एक इशारा. अस्तर उष्णतेला उशीर लावते. गाडी थंड करीत नाही. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे आतले तापमान तासाभरात सरासरी 22 अंशांनी चढले, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या उघड्या ठेवूनही फारसा फरक पडला नाही. म्हणून कितीही उत्तम अस्तर असले, तरी मूल बंद गाडीत क्षणभरही एकटे ठेवू नये.

गाडीतली उष्णता आणि आवाज यांचा आपल्याला त्रास होतो, म्हणून आपण त्यांना दाबावयास निघतो. पण त्याआधी ते कोठून येतात, याची चौकशी करावी. पुष्कळदा ते एखाद्या बिघाडाचीच वर्दी देत असतात. ती ऐकून घेतल्यावर मग खुशाल गालिचा अंथरावा.