विमानातून दिसल्या ४६, समुद्रात किती?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या समुद्रात डुगाँग, म्हणजेच समुद्रगायी, विमानातून मोजतात. सुमारे दीडशे मीटर उंचीवरून विमान सरळ रेषेत जाते आणि दोन्ही बाजूंच्या ठरावीक पट्ट्यात दिसलेली प्रत्येक समुद्रगाय नोंदली जाते. पण दिसल्या तेवढ्याच आहेत असे धरले, तर हिशेब चुकलाच म्हणून समजा.

हेलेन मार्श आणि सिंक्लेअर यांनी १९८९ मध्ये या चुकीचे दोन भाग वेगळे केले. एक, जनावर दिसण्यासारखे असूनही नजरेतून सुटते. लाटांवर ऊन चमकते, डोळे थकतात. दुसरा, ते गढूळ पाण्याखाली असते. तिथे नजर कितीही तीक्ष्ण असली तरी काय उपयोग?

पहिल्यावरचा उपाय ऑडिटरला लगेच पटेल असा आहे. एकाच बाजूला दोन निरीक्षक बसवायचे, एकाची नोंद दुसऱ्याला कळू द्यायची नाही. समजा, पुढच्याला ४० दिसल्या, मागच्याला ३०, आणि त्यातल्या २४ दोघांनाही. मागच्याच्या ३० पैकी २४ पुढच्याने टिपल्या, म्हणजे त्याची नजर ८० टक्के. ४० हे ८० टक्के, तर एकूण ५०. दोघांनी मिळून पाहिल्या ४६, म्हणजे ४ दोघांच्याही हातून सुटल्या. अर्थात जी दिसायला अवघड ती दोघांनाही अवघड, त्यामुळे ५० सुद्धा थोडे कमीच.

दुसरा भाग किचकट. संशोधकांनी समुद्रगायीच्या प्रतिकृती पाण्यात सोडून त्या किती खोलीपर्यंत वरून दिसतात ते तपासले. जिवंत जनावरांना खोली नोंदवणारी यंत्रे लावून ती किती वेळ वर असतात तेही मोजले. निम्माच वेळ दिसण्याजोगी असतील, तर ५० चे १०० होतात. पट्टे एकूण क्षेत्राच्या १० टक्के असतील, तर १०००! सुरुवातीला दोन-चार इकडे-तिकडे झाल्या तरी शेवटी केवढा फरक पडेल, बघा. म्हणून अंदाजासोबत कमी-जास्तीची मर्यादा देतात. ती नसलेला आकडा अर्धवटच मानावा.

टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रगायीची शिकार करत आले आहेत. कायद्यानेही तो हक्क मानला आहे. अंदाज खोटाच कमी निघाला तर त्यांच्या हक्कावर गदा, खोटाच जास्त निघाला तर जनावरावर.

मादी काही वर्षांच्या अंतराने एकच पिल्लू देते. सगळे सुरळीत असले तरी संख्या वर्षाला सुमारे ५ टक्केच वाढते. त्यामुळे ५ वर्षांत आकडा दुप्पट निघाला, तर त्या दुसऱ्या खाडीतून आल्या, की त्या वर्षी पाणीच नितळ होते, हे आधी तपासावे लागते.